नकाशावर खंड्याची जागा

मानवतचं नाव निघालं की परभणी जिल्ह्यात आधी कापूस आठवतो. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, हंगामात बाजार समितीसमोर लागणाऱ्या कापसाच्या गाड्या, कल्याण-निर्मल महामार्गावरची वर्दळ आणि गावापासून दूर उभं असलेलं ‘मानवत रोड’ स्टेशन, ही या तालुक्याच्या गावाची ओळख. पण याच शिवारात रब्बीची ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे उतरतात. मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून आलेले हे गुलाबी-काळे पाहुणे दिवसभर रानात टोळ, अळ्या आणि दाणे टिपतात, पळस-काटेसावर फुलली की त्या फुलांवर तुटून पडतात आणि दिवस कलताना एखाद्या मोठ्या झाडावर किंवा बाभळींच्या गर्दीत मुक्कामाला येतात. त्यांचं पोट शिवार भरतं, पण रात्रीचा निवारा पुष्कळदा गावातल्या किंवा गावालगतच्या झाडांवर असतो.

या एका पक्ष्याच्या मुक्कामावर किती खात्यांचा हात फिरतो, ते पाहिलं तर शहरातल्या जैवविविधतेचं घोडं नेमकं कुठं अडतं ते कळतं. महामार्ग रुंद करायचा निर्णय रस्ते खात्याचा. तारांवर येणाऱ्या फांद्या तोडण्याचं काम वीज कंपनीचं. गावातल्या झाडाची परवानगी नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची. ओढ्याकाठच्या बाभळींची जमीन महसूल खात्याची, शेतातली फवारणी शेतकऱ्याची आणि त्याला सल्ला देणाऱ्या कृषी सेवा केंद्राची. यातल्या कुणाच्याही टेबलावर ‘भोरडी’ नावाची फाईल नसते. प्रत्येक जण आपापल्या नियमाप्रमाणे काम करतो आणि सगळ्यांची कामं नीट पार पडूनही पाच-दहा वर्षांनी गावात कावळा, कबूतर आणि साळुंकी एवढेच पक्षी उरतात.

शहरात जैवविविधता वाढवायची तर झाडं लावायची, एवढंच आपल्याकडे समजलं जातं. झाडं हवीतच. पण शहरातल्या जिवांचं भवितव्य ठरतं ते गटाराच्या आराखड्यात, दिव्यांच्या खांबांवर, फुटपाथच्या निविदेत आणि डास निर्मूलनाच्या वेळापत्रकात. हे कागद तयार होत असताना, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी, अभियंत्याशेजारी वनस्पतितज्ज्ञ, पक्षी-अभ्यासक, आरोग्य निरीक्षक, माळी आणि त्या जागेशी रोजचा संबंध असलेला माणूस बसला, तर पैसा तेवढाच लागून काम वेगळं होतं. जगात आणि महाराष्ट्रात जिथं जिथं शहरात जीवसृष्टी परतली आहे, तिथं हेच घडलेलं दिसतं.

हे एका नाल्याच्या काठावर पाहू. कुठल्याही लहान गावातून एखादा ओढा किंवा नाला जातो. त्याचा काठ मातीचा, उभा आणि हातभर उंच असेल तर खंड्या त्यात चोचीनं आडवा बोगदा कोरतो. बोगद्याच्या टोकाशी लहानशी खोली असते, तिथं अंडी घातली जातात. वेडा राघूही असाच मातीत बीळ करतो. आता नाल्याच्या सुशोभीकरणाचं काम निघतं. दोन्ही बाजूंनी दगडी पिचिंग किंवा काँक्रीटची भिंत बांधली जाते. अभियंत्याच्या दृष्टीनं काम उत्तम झालं: काठ ढासळणार नाही, पाणी वेगानं निघून जाईल. पण खंड्याची विणीची जागा गेली. तळाला काँक्रीट टाकल्यामुळे बेडूक, खेकडे आणि चतुरांच्या पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांचा आसराही गेला. चतुराचं हे पिल्लू पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातं. म्हणजे ज्या नाल्याची दुरुस्ती डासांच्या तक्रारीवरून निघाली, त्याच नाल्यातून डासांचे शत्रू हद्दपार झाले.

यावर उपाय अवघड नाही. नाल्याच्या वळणावर, जिथं पाण्याचा मारा बाहेरच्या काठावर असतो, तिथं पिचिंग करायचं. आतल्या काठाला, जिथं पाणी मंदावतं, तिथं मातीचा उतार आणि गवत ठेवायचं. मध्ये कुठं तरी पंधरा-वीस फुटांचा उभा मातीचा काठ तसाच राखायचा. पाण्याचा मारा कुठं असतो हे अभियंत्याला ठाऊक असतं, खंड्याला कोणता काठ लागतो हे पक्षी-अभ्यासकाला. दोघांपैकी एकट्याला हा नकाशा काढता येत नाही.

सिंगापूरनं हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. तिथल्या बिशान-आंग मो किओ उद्यानाच्या कडेनं कल्लांग नदीचा सरळ काँक्रीटचा कालवा जात होता. लांबी २.७ किलोमीटर. पाणीपुरवठा खातं आणि उद्यान खातं यांनी मिळून तो फोडला आणि त्या जागी वळणं घेत जाणारी ३.२ किलोमीटरची नदी केली. काठ धरून ठेवायला सिमेंटऐवजी दगड, झाडांची मुळं आणि गवत वापरलं. कोणती वनस्पती कोणत्या उताराची माती किती घट्ट धरते, याच्या चाचण्या आधी घेतल्या. पूर आला की पाणी उद्यानाच्या हिरवळीवर पसरतं आणि ओसरतं. २०१२ मध्ये हे काम पुरं झालं. पहिल्या दोन वर्षांतच तिथली जैवविविधता ३० टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. पुढे पाणमांजरांचं एक कुटुंबच तिथं राहायला आलं आणि शहराचं लाडकं झालं. या कामात जलअभियंते होते, भूरचनाकार होते, वनस्पतितज्ज्ञ होते आणि नदीत खेळणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करणारे लोकही होते.

सिंगापूर श्रीमंत आहे, आपल्याला ते कसं परवडणार, असं वाटणं साहजिक आहे. मग मराठवाड्यातलंच उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरमधून खाम नदी वाहते. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जे शहर वसवलं आणि नहरींनी ज्याची तहान भागवली, ते या नदीच्या आधारानं वाढलं. प्रसिद्ध पाणचक्की खामच्याच काठावर आहे. गेल्या काही दशकांत मात्र नदीचा नाला झाला: सांडपाणी, राडारोडा आणि प्लास्टिक. २०२१ च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, ‘इकोसत्त्व’ ही पर्यावरण क्षेत्रातली संस्था आणि ‘व्हेरॉक’ उद्योगसमूह यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. कचरा नदीत येतो कुठून, हे शोधण्यापासून सुरुवात झाली. नदी साफ करणं आणि वस्त्यांमधला कचरा वेळेवर उचलणं ही दोन कामं एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे त्यामागचं सूत्र होतं. म्हणून सफाई कामगार या मोहिमेच्या केंद्रस्थानी आले. पात्र मोकळं झालं, काठ सावरले गेले, देशी झाडं लागली, लोखंडी पुलाजवळ लोकांना बसायला-फिरायला जागा झाली. चित्रकारांनी भिंती रंगवल्या आणि शाळांची मुलं नदीवर येऊ लागली.

मानवतकरांसाठी खामची गोष्ट परक्या शहराची नाही. खाम गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी नाथसागरात येतं. जायकवाडीचा डावा कालवा तिथून निघून परभणी जिल्ह्याच्या शिवारात पोचतो. वरच्या शहरात नदीचं जे होतं, त्याचा हिशेब खालच्या शेतापर्यंत येतो.

महाराष्ट्रात अशा सहकार्याची परंपरा याहून जुनी आहे. मुंबईत धारावीच्या कडेला, मिठी नदीलगत, एके काळी शहराचा कचरा टाकला जाई. १९७७ मध्ये हा कचराडेपो बंद झाला. तिथं निसर्ग उद्यान करावं ही कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थेच्या महाराष्ट्रातल्या मंडळींनी मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं ती उचलून धरली. १९८३ मध्ये ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांच्या हस्ते तिथं पहिलं झाड लागलं. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, ३७ एकरांचं ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’ लोकांसाठी खुलं झालं. पहिलं झाड आणि उघडलेलं फाटक यांच्यामध्ये अकरा वर्षं गेली, ही गोष्ट विसरता कामा नये. कचऱ्याच्या ढिगावर माती तयार होणं, त्या मातीत मुळं रुजणं, मग कीटक, मग पक्षी, हा क्रम कुणालाही घाईनं उरकता येत नाही. आज तिथं दाट झाडी आहे, फुलपाखरं आहेत, कांदळवनाचा शेजार आहे, रोपवाटिका आहे आणि शाळांच्या सहली येतात. नियोजनकार, निसर्ग-अभ्यासक, वास्तुरचनाकार आणि शिक्षक यांनी मिळून वाढवलेलं हे जंगल आहे.

कधी कधी तर झाड लावण्यापेक्षा माणसांशी बोलण्याचं शास्त्र जास्त कामी येतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला तिन्ही बाजूंनी मुंबई-ठाण्यानं वेढलं आहे आणि आत बिबटे आहेत. २००२ ते २००४ या काळात माणसांवरचे हल्ले वाढले, तेव्हा ‘पकडा आणि दुसरीकडे सोडा’ ही मागणी जोरात होती. जुन्नर भागात जीवशास्त्रज्ञ डॉ. विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून उलटंच दिसलं: बिबट्याला उचलून अनोळखी जागी सोडलं की तिथले हल्ले वाढतात. २०११ मध्ये वनविभागानं या संशोधकांना, पोलिसांना, महापालिकेला, पत्रकारांना आणि उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रहिवाशांना एकत्र आणून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून साधी साखळी लोकांसमोर आली. उघड्यावर कचरा पडला की कुत्री वाढतात, कुत्री वाढली की बिबट्या वस्तीत येतो. म्हणजे बिबट्याच्या प्रश्नाची एक किल्ली घनकचरा विभागाकडे होती. बघ्यांची गर्दी आवरण्याचं काम पोलिसांचं, भीती न वाढवता बातमी देण्याचं काम पत्रकारांचं. २०१५ च्या कॅमेरा-ट्रॅप अभ्यासात उद्यानात आणि परिसरात ३५ बिबटे आढळले. एवढ्या दाट वस्तीला लागून एवढे बिबटे नांदतात, ते नुसत्या कुंपणाच्या जोरावर नांदत नाहीत.

मानवतसारख्या गावात बिबट्याचा प्रश्न नाही. इथला प्रश्न रोजचा आहे: झाड कोणतं लावायचं आणि लावलेलं जगवायचं कसं?

रोपं बहुधा ठेक्यातून येतात आणि ठेक्यात लवकर वाढणारी, गुरं न खाणारी, एकसारखी दिसणारी झाडं सोयीची पडतात. म्हणून गावोगाव कोनोकार्पसच्या हिरव्यागार भिंती उभ्या राहिल्या. हे झाड आपल्याकडचं नाही. त्याच्या फोफावणाऱ्या मुळांबद्दल आणि परागकणांबद्दल तक्रारी वाढल्यावर गुजरातच्या वनविभागानं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याच जागेत मराठवाड्याच्या काळ्या मातीला मानवणारी किती तरी झाडं येऊ शकतात. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती परक्या रोपाला छळते, पण बाभूळ, हिवर, कडुनिंब, पळस, बोर, करंज आणि चिंच तिला शतकानुशतकं ओळखतात.

त्यातही उंबरासारखं झाड गावात असणं म्हणजे पाखरांसाठी बारमाही अन्नछत्र. उंबराला वर्षातून अनेकदा फळं येतात. तांबट, बुलबुल, कोकीळ, हरियाल आणि वटवाघळं त्यावर जगतात. त्याच्या फळाच्या आत फुलं असतात आणि त्यांचं परागीभवन करणारा बारीकसा कीटक उंबरासाठीच घडलेला असतो. वडाचा वेगळा, पिंपळाचा वेगळा. एक झाड तोडलं की त्याच्यामागं असा अख्खा गोतावळा जातो.

आता माळ्याचं आणि फुलपाखरू-अभ्यासकाचं कसं जुळावं लागतं, ते पाहा. आंब्यावर किंवा बाभळीवर बांडगूळ वाढतं आणि माळी ते काढून टाकतो. त्याचं बरोबरच आहे, कारण बांडगूळ झाडाचा रस शोषतं. पण हळदीकुंकू नावाचं देखणं फुलपाखरू अंडी घालतं ते बांडगुळावरच. दोघांनी बोलून घेतलं तर फळबागेतलं बांडगूळ निघेल आणि रस्त्याकडच्या एखाद्या जुन्या झाडावरचं थोडं राहील. रुईचंही तसंच. उकिरड्याजवळची रुई तण म्हणून उपटली जाते, पण बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या रुईच्याच पानांवर वाढतात. लिंबू आणि कढीपत्ता तर परसात असतोच. त्यावरच्या हिरव्या अळीला औषध मारण्याआधी ती पुढे लिंबाळी फुलपाखरू होणार आहे हे घरच्यांना माहीत असलं, तर चार पानं तिच्या नावानं सोडायला कुणी मागंपुढं पाहत नाही.

झाड लावल्यावर त्याच्या बुंध्याशी पेव्हर ब्लॉक घट्ट बसवणं हा दुसरा घोळ. मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, झाड वाळतं किंवा वादळात कोसळतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मानवतच्या एखाद्या रस्त्याच्या निविदेत ही एक ओळ आधीच लिहिली, तर पुढचा खर्च आणि वाद दोन्ही टळतात. पावसाळ्यापूर्वीच्या फांद्याछाटणीचंही तेच. मे महिन्यात तारांवरच्या फांद्या छाटल्या जातात, तेव्हा कावळ्यांसह अनेक पक्ष्यांची घरटी भरलेली असतात. मोठी छाटणी हिवाळ्यात उरकून घेतली तर वीजपुरवठ्याचंही काम होतं आणि पिल्लंही वाचतात. वाळलेली फांदी कुणाच्या डोक्यावर पडणारी नसेल तर तशीच ठेवावी, कारण तांबट घरट्यासाठी तीच पोखरतो. जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा आणि पोपट राहतात.

परभणी जिल्ह्यात जैवविविधतेचा आणखी एक ठेवा जमिनीखाली आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल, वळत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची बारव आता महाराष्ट्रभर माहीत झाली आहे. चारठाणा, पिंगळी इथल्या बारवाही अभ्यासकांना खुणावतात. रोहन काळे यांच्या पुढाकारानं २०२० पासून सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’नं राज्यभरातल्या बारवांच्या नोंदी केल्या, गावकऱ्यांनी गाळ उपसला, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लागू लागले. हे काम स्थापत्याचं, इतिहासाचं आणि पाण्याचं आहे. त्यात जीवशास्त्रही मिसळलं तर ते पूर्ण होईल. बारवेच्या ओलसर दगडांत नेचे उगवतात, पाण्यात बेडूक आणि कासवं असतात, कमानींत पाकोळ्या घरटी करतात आणि अंधाऱ्या कोनाड्यांत वटवाघळं लटकतात. पिंपळाचं रोप चिरा फोडतं, ते काढायलाच हवं, असं वास्तुतज्ज्ञ सांगेल आणि ते खरं आहे. वटवाघळांच्या कोनाड्यात प्रखर दिवा लावू नका, असं जीवशास्त्रज्ञ सांगेल आणि तेही खरं आहे. रोषणाई कोणत्या पायरीपर्यंत न्यायची आणि कुठं थांबवायची, हे दोघांनी मिळून ठरवायचं आहे.

कापसाच्या गावानं वटवाघळांचा विचार का करावा, याला पैशातलं उत्तर आहे. अमेरिकेत टेक्सासच्या दक्षिण-मध्य भागात जीवशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ यांनी मिळून कीटकभक्षी वटवाघळांचा हिशेब मांडला. ही वटवाघळं रात्री बोंडअळीचे पतंग खातात. त्यामुळे वाचलेलं पीक आणि टळलेली फवारणी धरून आठ परगण्यांतल्या कापूस शेतकऱ्यांचा वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलरचा फायदा होतो, असा अंदाज २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली वटवाघळं आणि तिथली बोंडअळी इथल्याहून वेगळी आहेत, त्यामुळे तो आकडा उचलून मानवतला लावता येणार नाही. पण २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं ज्या भागाचं कंबरडं मोडलं, तिथं असा अभ्यास व्हायला हवा, आणि तो करायला माणसं लांबून आणायची गरज नाही. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेलं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. कीटकशास्त्र, मृदाशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र हे सगळे विभाग एका आवारात आहेत.

वेगवेगळ्या शाखांच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये ‘इकॉलॉजिकल सोसायटी’ स्थापन केली. गोळे बँकेतली नोकरी सोडून पक्षी आणि परिसंस्थांच्या अभ्यासाकडे वळलेले. संस्थेच्या अभ्यासक्रमाला वास्तुरचनाकार, अभियंते, वकील, उद्योजक असे सगळे येऊन बसत आणि टेकड्या, नद्या, माळरानं पायाखाली घालत. तिथून बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढे ओसाड जमिनी पुन्हा जिवंत करण्याचं काम व्यवसाय म्हणून पत्करलं. जर्मनीत प्राध्यापक थॉमस हाउक आणि वोल्फगांग वाइसर यांनी घरबांधणीच्या आराखड्यातच प्राण्यांना स्थान देण्याची पद्धत विकसित केली. एक भूरचनाकार, दुसरा परिसंस्थांचा अभ्यासक. म्युनिक शहरातल्या एका गृहप्रकल्पात चिमणी, जाहक (हेजहॉग), हिरवा सुतार आणि वटवाघूळ यांना विणीपासून हिवाळा काढण्यापर्यंत काय काय लागतं याची यादी आधी केली आणि मग भिंतीतली पोकळी, झुडपं, मातीचा तुकडा यांच्या जागा नकाशावर आखल्या. आपल्याकडे चिमण्यांसाठी लाकडी पेट्या टांगल्या जातात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नांतून २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो आणि त्यातून पुष्कळ घरांत अशा पेट्या गेल्या. पुढची पायरी म्हणजे नव्या इमारतीच्या बांधकाम नकाशातच ती पोकळी असणं.

मराठवाड्यात तर कलावंतही या कामात उतरले आहेत. अभिनेते सयाजी शिंदे, लेखक अरविंद जगताप आणि वनविभाग यांनी बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर ‘सह्याद्री देवराई’ उभी केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं वृक्ष संमेलन भरवलं. संमेलनाचं अध्यक्षपद वडाला दिलं होतं. शास्त्रज्ञाच्या अहवालानं जी गर्दी जमत नाही, ती तिथं जमली.

या सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत, म्हणजे नगरपालिकेतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकांच्या माहितीतून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. या नोंदवहीच्या कल्पनेमागं डॉ. माधव गाडगीळ यांची मोठी मेहनत आहे. समितीत किमान एकतृतीयांश महिला हव्यात. वैदू, शेतकरी, मच्छीमार, शिक्षक यांनाही त्यात जागा मिळू शकते. म्हणजे वेगवेगळ्या जाणकारांना एका बैठकीत बसवण्याची सोय कायद्यानंच करून ठेवली आहे. २०१९-२० मध्ये हरित लवादाच्या मुदतीमुळे देशभर या नोंदवह्या घाईनं लिहिल्या गेल्या. त्या आता उघडून, गावात फिरून, दुरुस्त करण्याची वेळ आली आहे.

झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू आहे आणि त्यात नगरपालिकांना भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांनुसार गुण मिळतात. जागतिक पातळीवर डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला ठरलेल्या जैवविविधता आराखड्यातलं बारावं उद्दिष्ट शहरांतल्या हिरव्या आणि पाणथळ जागा वाढवण्याचंच आहे.

अडचण येते ती मोजमापात. महाराष्ट्रानं २०१६ ते २०१९ या चार वर्षांत २, ४, १३ आणि ३३ कोटी अशी लागवडीची उद्दिष्टं ठेवली होती. रोपांचा आकडा मोजणं सोपं असतं. तीन वर्षांनी किती जगली, त्यांवर किती जातींची पाखरं आली, नाल्यात बेडूक परतले का, हे मोजायला मात्र वर्षभर डोळे उघडे ठेवणारी माणसं लागतात. तीस हजारांवर वस्तीच्या मानवतला इथं मोठ्या शहरांपेक्षा सोपं जाईल. मुख्याधिकारी, शाळांचे विज्ञान शिक्षक, वीज कंपनीचे कर्मचारी, जिनिंगचे मालक, रोपवाटिकावाले आणि शिवारातल्या पाखरांची नावं सांगणारे म्हातारे-कोतारे एकमेकांना ओळखतात. पुणे-मुंबईत जी बैठक जमवायला महिने जातात, ती इथं एका दुपारी होऊ शकते.

ती बैठक पावसाळ्याच्या तोंडावर घेऊन भागणार नाही. ठेकेदाराकडे देशी रोपं हवीत तर मागणी वर्षभर आधी जायला हवी, कारण रोपवाटिका बियाणं हंगामातच धरते. पळसाच्या शेंगा मे महिन्यात वाळतात. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात शेळ्यांच्या आधी गोळा कराव्या लागतात. कडुनिंबाच्या निंबोळ्या जून-जुलैत पडतात आणि त्यांची उगवण्याची ताकद काही आठवड्यांतच ओसरते. त्यामुळे त्या वेचल्या की ताबडतोब गर काढून पिशवीत लावाव्या लागतात. शाळा नेमक्या त्याच दिवसांत उघडलेल्या असतात, म्हणून निंबोळ्या वेचायचं काम मुलांकडे, पिशव्या भरायचं रोपवाटिकेकडे, खड्ड्यांच्या जागा अभियंत्याकडे आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्याचा टँकर नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात, अशी वाटणी जानेवारीतच कागदावर यायला हवी.